मायच्या पायावरचा नकाशा

मायच्या पायातून रगताची पिचकारी उडाली ते सीधी खिचडीच्या गंजावर. गंजावर झाकन होतं म्हनून बरं, नाईतं त्या दिवशी शाळेतल्या पोट्ट्यायनं काय खाल्लं असतं ते मले सांगवत नाई.

माही माय वच्छला आमच्या गावच्या शाळेत खिचडी रांधते. पोंभुर्ण्याहून आत, जंगलाच्या कडेले गाव हाय. पाहाटे मोहफूल वेचाले जाते, मंग शाळेत चुलीपुढं उभी, मंग घरी चुलीपुढं उभी. ती बसते कवा, हे मी अजून पाह्यलं नाई. तिच्या डाव्या पायावर शिरा फुगल्या होत्या, घोट्यापाशी चामडी काळी पडली होती, पन "उभं राहून राहून होते" म्हनून सारे गप. त्या दिवशी तिनं घोट्यापाशी जराक खाजवलं अन् फुर्रकन रगत आलं. मी तिथीच कांदे कापून राह्यली होती. (दहावीत मी शाळा सोडली, खिचडी नाई सोडली. ह्यात हासासारखं काई नाई.)

मी बोंबलली. चुलीची लाकडं टाकाले आलेला बाबा धावत आला. माहा बाबा लालसू जंगलात बांबू तोडाच्या कामाले जाते, कुऱ्हाड घेऊन फिरते, दिसाले एकदम जबरदस्त. त्यानं रगत पाह्यलं अन् तांदळाच्या पोत्यावर आडवा झाला. आता मायच्या पायाले दाबू का बाबाच्या तोंडावर पानी मारू? मी दोघायवरही खेकसली. मायनं मलेच म्हनलं, "चिल्लाऊ नको वो, पोट्टे भेतेत."

तेवढ्यात आशावाली इंदुताई आली. तिनं मायले खाली निजवलं, पाय उचलून पोत्यावर ठेवला, फडक्यानं दाबून धरला. रगत थांबलं. "हे शिरेचं हाय," ती म्हनली, "चंद्रपूरले मोठ्या दवाखान्यात दाखवा. तवर पाय वर ठेवा."

बस. साऱ्या गावानं इंदुताईचं एवढंच आयकलं, पाय वर ठेवा. घरी मायच्या खाटेले पायाकून विटा लावल्या. बाया पाहाले आल्या की आधी पाय किती वर हाय ते पाहत, मंग मायले पाहत. एकीनं तं सांगितलं का छताच्या म्यालीले दोर बांधून त्याले पाय टांगा. माय कोनालेच काई म्हने नाई. ह्याचंच मले नवल. मागच्या साली मोहाच्या झाडाखाली वाघ उभा होता तवा टोपली वाजवून त्याले "हट, चल तिकडं" म्हननारी बाई हे. अन् खाटेवर पडून म्यालीकडं पाहून राह्यली होती, चूपचाप.

ती चूप काऊन होती ते मले तवा समजलं असतं, पन तिथी बोलाले देवरावभाऊ होते. दुसऱ्या कोनाले जागाच नव्हती.

देवरावभाऊ आमच्या बाजूले राह्यतेत. जंगल खात्यातून रिटायर झाले, तवापासून गावातल्या साऱ्या बिमाऱ्या त्यायच्याच ताब्यात हायेत. उन्हाळ्यात सारं गाव लुंगी-बनियानवर, हे भर तपनीत फुलपँट घालून. त्यायनं मायचा पाय न्याहाळला अन् लंबी सास सोडली.

"वच्छला, हे हत्तीपाय नाई."

"मंग बरंच हाय नं, भाऊ," बाबा म्हनला.

"बरं नाई लालसू. हत्तीपाय असता तं मी खुश झालो असतो. हत्तीपायात मानूस जगते. माह्या गोंडपिपरीच्या साळ्याचं असंच काळं पडलं होतं. आधी आंगठा कापला. मंग पंजा. मंग गुडघ्यापासून."

"मंग?"

"मंग काय, फोटोले हार."

मले राग आला. "देवरावभाऊ, तुमच्या साळ्याले शुगर होती, साऱ्या गावाले मालूम हाय."

"हाव नं बाई. पन पाय तं पायच असते."

संध्याकाळपावतर त्यायनं तो किस्सा सगळ्या पाहुन्यायले सांगितला. दर खेपेले साळ्याचा पाय जराक जास्त वरून कापला जाय. शेवटल्या खेपेले तं मले वाटलं का आता मुंडकंच उरते.

दुसऱ्या दिवशी गावातल्या विक्कीच्या काळीपिवळी जीपनं चंद्रपूरले निंगालो. पाय वर ठेवाचा म्हनून माय मागच्या शिटवर आडवी, तिचं डोस्कं माह्या मांडीवर, अन् पाय समोरच्या शिटच्या पाठीवरून सीधा विक्कीच्या कानापाशी. बाबा बाजूनं अंगठा धरून बसला होता, खाली येऊ नाई म्हनून.

"काकाजी, पाय जराक इकडं घ्या नं," विक्की म्हने, "मले आरसा दिसून नाई राह्यला."

"आरसा कायले पायजे बे? समोर पाहून चालव."

दर गड्ड्यात मायचा आंगठा विक्कीच्या कानाले लागे. माय एकदाही हासली नाई. मी भी नाई. रस्त्यात गिट्टीचा एक टरक उलटला होता, सारे खाली उतरून पाहाले गेले, मी नाई गेली. मले वाटे आपन डोळा हटवला अन् पाय फुटला तं?

दवाखान्यात ह्या खिडकीवरून त्या खिडकीवर. पहिली खिडकी म्हने सर्जरीत जा. सर्जरी म्हने आज नवीन पेशंट नाई, आधी बाहेरच्या विभागात जा. बाहेरच्या विभागातला म्हने, "बाहेर कायले आल्या? आत जा." मी त्याले जे म्हनलं ते लिहाचं नाई, पन त्याच्यानंतर आमाले स्ट्रेचर भेटलं. स्ट्रेचरवरही बाबानं आपला दुपट्टा अन् माही बॅग मायच्या पायाखाली रचली. पाय वर. दोन घंटे पाय वर.

मंग एक तरनाताठा डॉक्टर आला. चष्मा नाकावर ढकलला, पाय पाह्यला, फिरवून पाह्यला.

"कुठे आहेत शिरा?"

आमी तिघायनंही पाह्यलं. शिरा नव्हत्या. सकाळपासून पाय वर होता, तं सारं रगत खाली उतरून गेल्तं अन् पाय दुधीभोपळ्यावानी गुळगुळीत. घोट्याचं काळं सोडलं तं काईच नाई.

"खाज येते का? मलम लिहून देतो," तो म्हनला अन् पुढच्या पेशंटकडं निंगाला.

लोकायले वाटते बिमारी दिसली म्हनजे भेव लागते. न दिसनारी बिमारी घेऊन घरी परत जानं, ते खरं भेव. घरी गेल्यावर हे पुन्हा फुटन, जंगलात फुटन, मोहाखाली एकटी असन तवा फुटन. डॉक्टर तं मलम देऊन मोकळा. अन् तवा मले आठवलं का रोज सकाळी पाय बराबर असते, संध्याकाळी खिचडीचा गंज उतरवतानी फुगलेला असते.

"माय, उठ. उभी राह्य."

"अवो, इंदुताईनं सांगितलं," बाबा म्हनला, "पाय..."

"उभी राह्य म्हनलं नं!"

माय व्हरांड्यात भिताडाले धरून उभी राह्यली. मी डॉक्टरच्या मागं गेली अन् त्याचा पांढरा कोट मागून धरला. (नाई धरावा, मालूम हाय.) "सर, पाच मिनिटं थांबा. नाई दिसलं तं मलम घेऊन जातो." तो भडकला, पन कोट सुटे नाई म्हनून थांबला. अन् पाय भराले लागला. आधी पिंडरीवर एक गाठ. मंग दुसरी. मंग मांडीपासून खालवर निळी शीर, पावसाळ्यात दांडातून गांडूळ वर यावं तशी वळवळत उठली. लायनीतली एक बाई "माय वो!" म्हनून दोन पावलं मागं सरकली.

डॉक्टरनं खाली बसून पाह्यलं. "अरे! हे आधी का नाही दाखवलं?"

मी काईच म्हनलं नाई. आजवर माहं एवढं मोठं गप राह्यनं कोनी पाह्यलं नसन.

मंग डॉपलर. अंधारी खोली, मशीन, अन् मोठ्या वयाचे एक डॉक्टर. ही तपासनी उभ्यानंच असते म्हने. मायले एका पायरीवर उभं केलं, भार दुसऱ्या पायावर टाकाले लावला, पायाले थंडगार चिकट काईतरी फासलं. डॉक्टर पिंडरी दाबे तं मशीनमदून सुं करून आवाज वर जाय. सोडली का तोच आवाज घुर्रर्र करत परत ये. किती वेळ घुरघुरे. मले वाटलं मायच्या पायात कोनी तरी राह्यते.

"हे बघा," डॉक्टर म्हनले, "रक्त वर जायला हवं. शिरेत छोट्या झडपा असतात, त्या ते खाली येऊ देत नाहीत. यांच्या झडपा खराब झाल्यात. रक्त परत खाली येतं, साचतं, म्हणून सूज, म्हणून काळं."

बाबा एकदम बोलला, "धानाच्या वावरात धुरा फुटला का वरच्या बांधीतलं पानी खालच्या बांधीत येते, तसं."

"अगदी तसंच!"

ते "अगदी तसंच" बाबानं घरी येईवर विक्कीले कितीखेप सांगितलं. एका डॉक्टरनं त्याले बराबर म्हनलं होतं.

पन त्याच्याआधी डॉक्टरनं जांभळा मार्कर काढला अन् मायच्या पायावर मांडीपासून घोट्यापावतर लंबी रेघ वढली. जिथी झडप खराब तिथी फुली. "ऑपरेशन करणाऱ्या मॅडम नागपूरहून येतात. या आठवड्यातच होईल. तोपर्यंत ही खूण पुसू देऊ नका."

ऑपरेशन म्हनल्याबरोबर मायनं पायरीचा दांडा धरला. मी पाह्यलं. बाबानंही पाह्यलं. ऑपरेशन म्हंजे नेमकं काय करान, हे आमच्यातल्या एकानंही विचारलं नाई. विचारलं असतं तं उत्तर आलं असतं नं.

बाहेर आलो तं खिडकीवाला म्हने, "ऑपरेशनची मशीन बाहेरगावच्या शिबिरात गेली. फोन येईन."

"कवा?"

"आला का समजन."

आता ती रेघ घेऊन आमी घरी. बाहेर तपन अशी का सावलीतही घाम. मायनं आंघोळ कराची तं डावा पाय खताच्या पन्नीत बांधून, दोर आवळून, बाहेर काढून. मोहफूल बंद. चूल बंद. मी दर घंट्याले रेघ पाहे. पहिल्या दिवशी पक्की जांभळी. मंग फिक्कट. मंग जांभळं खाल्लेल्या जिभीवानी. फोनचा पत्ता नाई. गावात नेटवर्क भेटते ते पान्याच्या टाकीवर चढल्यावर, म्हनून मी टाकीवर, अन् खालून पोट्टे इचारतेत, "दिव्यानी, कोनासाठी चढली वो?" एकाले चप्पल मारली. बरोबर लागली.

त्यात देवरावभाऊ. रोज येत, रेघ पाहत, मान हालवत.

"पुसून राह्यली."

"दिसते मले."

"खून पुसली नं वो, तं डॉक्टर मंग अंदाजानं कापते. अन् अंदाजानं म्हंजे जराक वरूनच कापते, कमी पडू नाई म्हनून."

"शिंपी हाय का तो, भाऊ?" मी वरडली. "कपडा कापून राह्यला का?"

पन त्या दिवसापासून मीही मायच्या गुडघ्याकडंच पाहाले लागली. गुडघ्याच्या वरून कापला तं चुलीपुढं उभी कशी राहीन, मोहाखाली कशी जाईन, वाघ आला तं. मंग मी सोताले शिव्या देल्ल्या अन् टाकीवर चढली.

अन् फोन लागला! "उद्या या, मॅडम उद्या हायेत." मी शिडीवरून उतरली का उडी मारली मले आठवत नाई. धावत घरी आली. पाह्यते तं माय आंगनात लाकडाच्या पाट्यावर, पाय पुढं, पायाले तेल-हळद, अन् बाजूले सुगंधाबाई सुया धुऊन राह्यली. सुगंधाबाई आमच्या इकडं साऱ्या बायायले गोंदते. जत्रेत आता मशीनवाले येतेत, पन ही अजून तीन सुया एकात बांधून.

मले पह्यले वाटलं पाय फुटला. मंग हळदीखालून दिसलं. मांडीपासून घोट्यापावतर त्या रेघेच्या दोन्हीकून हिरवे-काळे ठिपके, ठिपक्याले ठिपका लागून, जसा जंगलातला पक्का रोड. फुलीच्या जागी फुलं. घोट्याच्या वर एक इंचू, नांगी वर करून.

माहा आवाजच निंगे नाई.

"शिरेवर सुई नाई मारली वो," सुगंधाबाई घाईनं म्हनली, "बाजूबाजूनंच मारली. मले रगताचं लय भेव हाय."

"गोंदनारीले रगताचं भेव?"

"म्हनूनच तं हात हलका हाय. अन् फुली चांगली नाई दिसत, बाई मानसाच्या पायावर, तं फूल केलं. खाली जागा उरली होती, तं इंचू."

"माय!" आता आवाज निंगाला, बाजूच्या गावात गेला असन. "हे काय केलं वो तू?"

"डॉक्टर म्हनला नं, पुसू देऊ नका," माय म्हनली. माह्याकडं पाह्यलं नाई. "आता नाई पुसत."

मी पान्याची बालटी लाथाडली. मंग तीच बालटी पुन्हा भरून आनली, कारन पानी मलेच आनाचं होतं. डॉक्टर आता हात लावन का? हाकलून देईन का? पोलिसात देते का अशाले? मले काईच मालूम नव्हतं. बाबा घरी आला, त्यानं पाय पाह्यला, मंग खाली बसून इंचवावरून बोट फिरवलं. "चांगला काढला," तो म्हनला अन् डोळे पुसत बाहेर गेला. मले वाटलं हा मानूस पागल झाला.

दुसऱ्या दिवशी नागपूरच्या मॅडम. मायनं लुगडं वर घेतलं. मॅडम वाकल्या. इंचवापासून वर मांडीपावतर पाह्यलं.

"हे काय आहे?"

"नकाशा," बाबा म्हनला.

मंग मी एका दमात सारं सांगितलं. मार्कर, पन्नी, घाम, टाकी, सुगंधाबाई. मॅडम स्टुलावर बसल्या अन् तोंडावर हात ठेवला. हासू होतं का राग, वरून समजे नाई.

"अगं, मी दुसऱ्याच्या खुणेवर कधी काम करतच नाही. ज्या दिवशी ऑपरेशन, त्या दिवशी मी स्वतः बघते आणि स्वतः खुणा करते. जुनी खूण पुसली असती तरी चाललं असतं."

चाललं असतं! माह्या डोळ्यापुढून ती खताची पन्नी गेली, ती टाकीची शिडी गेली, ती चप्पल गेली.

"आणि आता ही जागा सुकल्याशिवाय मला सुई लावता येणार नाही. पुढच्या फेरीला करू. पण आलाच आहात तर बघून घेते."

माय पुन्हा पायरीवर उभी, मशीनवाला बाजूले. पुन्हा थंड चिकट, पुन्हा सुं अन् घुर्रर्र. मॅडम ठिपक्यायच्या रोडनं निंगाल्या, अन् गुडघ्याच्या मागं रोड सोडून भलतीकडंच वळल्या. "ही एक शीर राहिली होती बघा आधी."

म्हंजे नकाशाही अर्धाच.

अन् तवा माय बोलली. दोन्ही फेऱ्यायमदून पह्यल्यांदा.

"बाई, एक विचारू?"

"विचारा ना, मावशी."

"कापल्यावर पाय मले द्यान नं? फेकून नका देऊ."

मशीनवर हात ठेवून मॅडम थांबल्या.

"त्याच्यावर माहं गोंदन हाय," माय म्हनली. हळू, जशी दुकानात काई मागून राह्यली. "मानूस गेलं का सारं इथीच राह्यते, गोंदन तेवढं संगं येते. माही माय सांगे. आता पाय आधी जाईन, मी मागून जाईन. तं तिथी कोनाचा पाय हाय, हे समजाले पायजे नं. हरपला तं मी कुठी शोधू?"

मशीन घुरघुरून राह्यली होती. बाबा भिताडाकडं तोंड करून उभा होता. तो पागल नव्हता झाला. त्याले काल इंचू पाहूनच समजलं होतं. कित्येक दिवस आमी पाय वर ठेवला, पन्नी बांधली, रेघ पाह्यली, अन् "पाय कापत नाई" एवढं तिले कोनी सांगितलं नाई. कारन आमालेच मालूम नव्हतं, अन् विचाराची हिंमत नव्हती. अन् ही बाई आपल्या पायाची पाठवनी करून आली होती.

मॅडम खाली बसल्या, मायच्या पायापाशी, फरशीवरच.

"मावशी, पाय कापायचा नाहीच. कोण म्हणालं? एक बारीक तार शिरेत घालायची, आतून शीर बंद करायची. रक्त दुसऱ्या चांगल्या शिरांनी जातं. संध्याकाळी तुम्ही चालत घरी."

"चालत?"

"चालतच. झोपून राहायचं नाही."

मायनं आधी पायाकडं पाह्यलं. मंग बाबाकडं. मंग माह्याकडं, अन् कपाळाले आठ्या घालून म्हनली, "मंग इंचू कायले गोंदला मी? तो लय दुखला."

मॅडम हासल्या, मशीनवाला हासला, मीही हासली, अन् हासता हासता मले रडू आलं म्हनून मी मशीनवाल्यावर खेकसली का काय पाहून राह्यला बे.

पुढच्या फेरीत ते झालं. विक्कीच्या गाडीत माय समोर बसून आली, पाय खाली. आता तिले मांडीपावतर तंग मोजा घालाचा हाय, चामडीच्या रंगाचा, दिवसभर. ह्याच्यावरून रोज झगडा. "गोंदलं दाखवाले अन् आता झाका म्हनते," माय म्हने. शाळेत चुलीपाशी बाबानं उंच स्टूल बनवून देल्लं. त्याच्यावर ती बसते, जराक वेळ, अन् बाया आल्या का मोजा खाली करून इंचू दाखवते. गावातल्या कितीतरी बाया आता सुगंधाबाईकडं जाऊन "वच्छलाची शीर गोंदून द्या" म्हनतेत, पाय दुखत नाई म्हने त्यानं. इंदुताई डोकं बडवून राह्यली. उद्या कोन्या डॉक्टरनं गावात शिबिर घेतलं तं अख्ख्या गावात एकच बिमारी, एकाच जागी, अन् गुडघ्याच्या मागं चुकलेली.

परवा दुपारी देवरावभाऊ आले. सारं सुनसान, आंगनात मी अन् माय. इकून पाह्यलं, तिकून पाह्यलं, मंग हळूच म्हनले, "दिव्यानी, तुह्या त्या मॅडमचा नंबर दे नं. माह्या एका वळखीच्याले पायजे."

मी त्यायच्या फुलपँटकडं पाह्यलं. भर तपनीत. किती सालापासून.

"पँट वर करा, भाऊ."

"अवो, वळखीचा..."

"वर करा म्हनलं नं. अन् बसू नका, उभे राहा. उभ्यानंच दिसते."

त्यायनं पँट वर केली. मायच्यापेक्षा मोठ्या गाठी, दोन्ही पायाले. तो साळ्याचा किस्सा ते आमाले सांगून नव्हते राह्यले, हे मले तवा दिसलं.

"कापत तं नाई नं वो?" ते म्हनले. "खरं सांग."

माह्या तोंडात लय काई आलं होतं, गोंडपिपरीपासून फोटोच्या हारापावतर. पन माय स्टुलावरून उठली, मोजा बराबर केला, अन् त्यायले पानी देल्लं.

"नाई कापत, भाऊ," ती म्हनली. "भेऊ नका. पन तरी जाच्या आधी सुगंधाबाईकडून एक इंचू काढून घ्या."